गोलामागचा आवाज

राजूरला फुटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी त्या फायनलवर येते. पियुषच्या टपरीवर तर तेवढाही वेळ लागत नाही. चहाला उकळी यायच्या आत उमरखेडचा दुसरा गोल होऊन जातो. सहा वर्षं झाली त्या मॅचला. मैदानावर त्या दिवशी होती त्याच्या तिप्पट माणसांनी आता ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली पोरंसुद्धा बॉल किती हळू गेला ते हातवारे करून दाखवतात.

"पोरगं निघालं होतं बॉलवर. मंग एकदम हातपाय आखडले त्यानं."

"अन् म्हने कोनीतरी 'सोड' म्हनलं! कोन म्हनलं बापा? भूत?"

मग सगळे हसतात. तिथेच बसलेला घनश्यामही ओठ ताणतो, कारण न हसणारा माणूस लगेच डोळ्यांत येतो. कोण ओरडलं हे त्या टपरीवर एकट्या त्यालाच माहीत आहे. तोच ओरडला होता.

राजूर कोळसाखाणीचं गाव, पण घनश्याम खाणीतला माणूस नव्हे. गावाबाहेर त्याचं कापसाचं वावर आहे, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला आजही विचारू नये. त्याचा खेळ एकच, शंकरपट. बैलांच्या जोड्या पळवायच्या आणि कोणती किती सेकंदांत पोचली ते पाहायचं. तांड्यावरच्या प्रेमसिंगबरोबर त्याची भागीतली जोडी होती. प्रेमसिंग हाकायचा, आणि घनश्याम सुटायच्या रेषेवर उभा राहून पोटातून ओरडायचा, "सोड!" त्या एका शब्दासरशी बैल धरून ठेवलेले हात बाजूला व्हायचे आणि जोडी उधळायची. घनश्यामच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ पळ, तूट, मागे बघू नको, एवढाच होता. आवाज असा की घाटंजीपर्यंतच्या पटांत लोक त्याला ओळखायचे. बायको बेबीताई म्हणायची, "तुमच्या वरडन्यानं बैल नाही, मानसं पयतेत."

पुढे पटावर बंदी आली. जोडी गेली, गोठा रिकामा झाला, आणि घनश्यामचा आवाज पाच वर्षं बिनकामाचा होऊन घशात बसून राहिला. प्रेमसिंगचा पोरगा लखन मात्र खाणीच्या वसाहतीतल्या पोरांत खेळता खेळता गोलकीपर झाला, आणि चांगला झाला. राजूरची टीम जिल्ह्याच्या फायनलला पोचली तेव्हा प्रेमसिंग नेमका तापानं पडला होता. त्यानं घनश्यामला सांगून पाठवलं, "तू जाय. पोराच्या जवळ उभा राह्य."

घनश्याम शब्दाला जागला. दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या तसा तो आपल्या लोकांना सोडून लखनच्या गोलामागे जाऊन उभा राहिला. तिथे सगळी उमरखेडहून एसटी भरून आलेली माणसं होती. राजूरचा म्हणून तो एकटाच. लखननं एकदा वळून पाहिलं की नाही, हे त्याला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की स्कोअर एक-एक होता, रेफ्री हातातल्या घड्याळाकडे बघत होता, आणि उमरखेडच्या एका पोरानं अर्ध्या मैदानातून बॉल उंच हाणला.

बॉल कॅप्टन अमरच्या डोक्यावरून टप्पा घेऊन पुढे आला. अमर मागे वळून धावला, समोरून त्यांचा फॉरवर्ड धावला, आणि मधे लखन एक पाय पुढे टाकून थबकला. जाऊ की नको, एवढंच. ते थबकणं घनश्यामनं हजार वेळा पाहिलं होतं, जू मानेवर असलेल्या, सुटायला आतुर झालेल्या बैलांत. आणि पाच वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडातून निसटलं.

"सोड!"

फुटबॉल खेळणाऱ्या पोराला 'सोड'चा अर्थ एकच ठाऊक असतो: तू हात लावू नको, मी घेतो. लखनला वाटलं, अमर म्हणतोय. त्यानं हात ओढून घेतले. अमरला वाटलं, कीपर निघालाय. तोही थांबला. बॉल दोघांच्या मधून, कोणाचीच वाट न बघता, चालत चालत गोलात गेला.

उमरखेडवाले नाचायला लागले. घनश्याम तिथून निघाला तो थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. नळ सोडला आणि डोकं खाली धरलं. राजूरच्या कितीतरी लोकांनी त्याला तिथे पाहिलं. कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हटलंही, "जाऊ द्या भाऊ, पोरगं हाये." त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण मैदानात लखन रडत ओरडत होता, "कोनीतरी सोड म्हनलं! मी आयकलं!" आणि अमर आईची शपथ घेत होता की मी तोंड उघडलं नाही. एवढा जमाव, एवढा राग. घनश्याम नळाखालीच वाकून राहिला.

तरी आणखी एक संधी मिळाली होती. चार दिवसांनी अशक्त प्रेमसिंग काठी टेकत त्याच्या वावरात आला.

"तू होता ना तठी? पोरगं म्हनते कोनी वरडलं. मले खरं सांग. तुह्यावर माहा भरोसा हाये."

हा भरोसाच नडला. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर कदाचित त्यानं कबूलही केलं असतं. प्रेमसिंगच्या डोळ्यांकडे न बघता घनश्याम म्हणाला, "मले नाही आयकू आलं बापा. लय गोंधय होता."

प्रेमसिंग मान हलवत गेला. लखननं खेळ टाकला. तांड्यावर कोणी मोठ्यानं बोलत नसे, पण गावात तो 'भूतवाला कीपर' झाला. आणि पट पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रेमसिंगनं नवी जोडी बघायला बोलावलं, तर घनश्याम गुडघ्याचं निमित्त सांगून घरीच बसला. त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. बेबीताईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

या वर्षी गावच्या क्रीडा मंडळानं लहान मुलामुलींची टीम काढायची ठरवली. शिकवायला कोणी मिळेना. मग लखननं स्वतः अर्ज दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो मैदानाचं नाव काढत होता. घनश्यामला हे कळलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. आता सांगायचं. आता नाही सांगितलं तर आपण माणसात जमा नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून तो मंडळाच्या खोलीत जाऊन बसला.

दहा-बारा माणसं होती. अमर आता मंडळाचा सेक्रेटरी. अंग सुटलंय, पण आवाज कॅप्टनचाच. लखन दाराजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता.

"माह्यं काही वैर नाही," अमर म्हणाला. "पन सहा वर्षं लोकं माह्याकडे बोट दाखवून राह्यले. लग्नात अंतरपाट धरला तं मित्र माघून वरडले, 'सोड!' भटजी बी हासला. तू एकच म्हन लखन, का कोनीच वरडलं नव्हतं, मले भास झाल्ता. चारचौघांत म्हन. मंग टीमची पोरं तुह्या हाती."

लखननं मान खाली घातली. घनश्याम उठला. 

"त्यानं कायले म्हनाव? तो खरं बोलला. मी वरडलो होतो."

 मग पियुष हसला, अगदी प्रेमानं. "भाऊ, बसा. तुमचं मन मोठं हाये."

"मन गेलं खड्ड्यात! मी गोलाच्या माघं उभा होतो. पटातली सवय. मले म्हनाचं होतं का पय, अन् तोंडातून निंगालं सोड."

"तुम्ही टाकीपाशी होते भाऊ," एक जण म्हणाला. "म्या पाह्यलं ना."

"गोल झाल्यावर गेलतो टाकीपाशी!"

"नाही नाही, अगुदरपासूनच होते," दुसरा म्हणाला. "मी बाजूलेच होतो. गोल झाला तवा तुम्ही कपाळावर हात मारला."

"हो, मले बी आठवते," तिसऱ्यानं दुजोरा दिला.

घनश्याम एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कोणीही खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांना खरंच तसं आठवत होतं. सहा वर्षं रोज सांगून सांगून त्यांनी ती मॅच पक्की करून टाकली होती आणि तिच्यात घनश्यामची जागा टाकीपाशी होती. गोलामागे जी माणसं होती ती त्याच संध्याकाळी एसटीत बसून उमरखेडला गेली होती. साक्ष द्यायला कोणाला आणणार? तो ओरडून सांगत होता आणि लोक समजुतीनं माना डोलवत होते. याहून त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अमर मात्र हसत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"म्हंजे घरून मानूस शिकवून आनला तू? बाच्या दोस्ताले उभं केलं? लखन, असं असंल तं राहू दे. आम्ही दुसरा पाहू."

"त्यानं नाही आनलं मले!" घनश्याम म्हणाला, पण त्याचं आता कोण ऐकतो.

लखन उभा राहिला. त्यानं घनश्यामकडे एकदाच पाहिलं, मग अमरकडे तोंड केलं.

"कोनीच नव्हतं वरडलं. मले भास झाल्ता. सहा वर्षं मी खोटं बोललो. तुले तरास झाला, माफ कर."

अमरनं उठून त्याला मिठी मारली. टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी आणि चाव्या लखनच्या हातात दिल्या. पियुषनं सगळ्यांना चहा सांगितला आणि घनश्यामला पहिला कप दिला. तो त्याच्या हातात तसाच गार झाला.

बाहेर लखन सायकलचं कुलूप काढत होता. घनश्याम धाप लागेस्तोवर चालत त्याच्यापाशी गेला.

"मीच होतो रे लखन. आईशपथ."

"मालूम हाये."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. मैदानात वाटलं अमरच हाये. पन घरी गेलो, डोये मिटले, तं आवाज वळखू आला. लहानपनापासून आयकेल आवाज हाये तो काका." लखन कुलपाशीच झटत होता. "बाले सांगनार होतो. पन बा तुमच्या वावरातून आला अन् म्हने, घनश्यामले विचारलं, त्याले काही नाही आयकू आलं. मंग मले वाटलं, माह्येच कान खोटे."

"तू नाव काहून नाही घेतलं माह्यं?"

"तुम्ही घ्यान, म्हनून वाट पाह्यली. दोन-तीन वर्षं पाह्यली. मंग पाह्यनं बंद केलं."

घनश्यामनं सायकलचं हँडल धरलं. "मी आज जाऊन सांगतो प्रेमसिंगले. सारं सांगतो. पाया पडतो."

"नाही!" लखन पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. मग त्यानं आवाज खाली आणला. "बाचं आता वय झालं. तुम्ही खोटं बोलले, हे त्याले आता नाही सोसनार. अन् अमरच्या कानावर हे पुन्हा गेलं तं पोरंबी जातीन माह्या हातून. तुम्ही कोनालेच सांगू नका काका. माह्यासाठी एवढं करा."

त्यानं हँडलवरून घनश्यामचा हात हळूच बाजूला केला आणि तो निघून गेला.

पहिल्या सरावाला घनश्याम जाणार नव्हता. पण पाय घेऊन गेलेच. पंचवीसेक मुलं होती, त्यात सात-आठ मुली. लखन त्यांना ओळीत पळवत होता, चुकलं की हसत होता. त्याला असं हसताना पाहिल्याला किती वर्षं झाली ते घनश्यामला मोजवेना. तो कडेच्या दगडावर बसून बघत राहिला. बरंही वाटत होतं आणि आत काहीतरी कुरतडतही होतं.

गोलात उभी राहणारी एक मुलगी, अपेक्षा, पाणी प्यायला त्याच्याजवळ आली. हातातले मोजे तिच्या हातांपेक्षा मोठे होते.

"आबाजी, तुम्ही ते फायनल पाह्यली होती का? सरवाली?"

"पाह्यली."

"मंग खरंच कोनी वरडलं होतं का? माह्ये बाबा म्हनते, सर खोटं बोलले होते."

दहा पावलांवर लखन बॉल पायाखाली धरून उभा होता. त्याची पाठ इकडे होती आणि ती पाठ ताठ झालेली घनश्यामला दिसली. आत्ता नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. या एका पोरीनं तरी विश्वास ठेवला असता.

"कोनीच नाही वरडलं, बाई," घनश्याम म्हणाला.

"तुम्ही कुठं होते?"

"तिकडं. टाकीपाशी."

अपेक्षानं मान हलवली, मोजे वर ओढले आणि ती गोलाकडे पळाली. लखननं मागे वळून पाहिलं नाही. त्यानं शिट्टी फुंकली आणि मुलांना जवळ बोलावलं.