डावी बाजू शिल्लक

केस कापण्याची तिच्या वडिलांची रीत जगावेगळी होती. उजवी बाजू कानशिलापासून मानेपर्यंत तडीस नेल्याखेरीज ते डावीला कात्री लावत नसत. आणि डावी पुरी होईतो गिऱ्हाईक उठले, असे मानीत नसत.

"सगळीकडून थोडं थोडं कापावं. जग तसंच कापतं," आई म्हणे.

"जग कापेना का. माझ्या दुकानात एका वेळी एकच बाजू."

युद्धामुळे गावाबाहेर विमानतळ झाला आणि परदेशी वैमानिक दुकानात येऊ लागले. त्यांतल्या सर्वांत उंच माणसाला न्हाव्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने 'शिडी' हे नाव दिले. दारातून येताना त्याला दर खेपेस वाकावे लागे, आणि दर खेपेस तो ते विसरे. कपाळ चोळत तो खुर्चीत बसे. ती वाटीत साबणाचा फेस करी, तो त्या फेसाने आरशावर विमान रेखाटी. आणि वडिलांची पाठ वळताच दोन बोटे तोंडात घालून शीळ कशी घालावी, याचे धडे देई. तिच्या तोंडून मात्र नुसता वारा निघे.

"थुंकी कमी. हवा जास्त," तो मोडक्यातोडक्या भाषेत बजावी.

"दात पडलाय माझा. त्याला मी काय करू?"

एका सकाळी उजवी बाजू संपते न संपते तोच तळावरचा भोंगा वाजला. शिडीने गळ्याभोवतीचे फडके काढले, आरशात पाहिले, आणि हसतच तो धावत सुटला. उजवीकडे कापलेले गवत, डावीकडे रान. टोपी खुंटीवरच राहिली.

तो त्या संध्याकाळी परतला नाही. त्या आठवड्यातही नाही.

दहाव्या दिवशी तळावरचा कारकून यादी घेऊन आला. "बेपत्ता माणसांचं सामान गोळा करतोय. ती टोपी द्या, त्याच्या घरी पाठवायचीय."

मुलगी खुंटीखाली जाऊन उभी राहिली. "टोपी बघून त्याची आई काय समजेल?"

कारकून वडिलांकडे वळला. "अहो, समजवा हिला."

"काम अर्धं आहे," ती म्हणाली. "म्हणजे गिऱ्हाईक अजून खुर्चीतच आहे. बाबाच म्हणतात."

वडिलांनी वस्तरा खाली ठेवला. आपलेच वाक्य असे आपल्यापुढे उभे ठाकेल, याची त्यांना कल्पना नव्हती. परंतु वाक्य त्यांचे होते, आणि ते मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"डावी बाजू शिल्लक आहे. यादीत तसं लिहा."

"तसा रकाना नाही यादीत."

"मग आखा की. पट्टी देऊ?"

कारकुनाने पेन्सिल कानावर खोचली. "पुढच्या सोमवारी येईन. तेव्हा मात्र ऐकणार नाही."

त्यानंतर ती रोज बोटे तोंडात घालून दारात बसू लागली. वडिलांना दिसे, ते पाठ वळवून कात्र्या पुसत.

रविवारी दुपारी चौकटीवर धप्पकन काहीतरी आदळले. मुलीने वर पाहिलेही नाही. असे आदळणारे माणूस एकच होते.

शिडीचा एक हात गळ्यात बांधलेला होता. डोक्याच्या डाव्या बाजूला टाके होते, आणि ते घालण्यासाठी तेवढी बाजू कुणीतरी साफ भादरली होती. वडिलांनी त्याला खुर्चीत बसवून ती न्याहाळली.

"हे कुणी केलं?"

"डॉक्टर."

"डॉक्टर असेल. न्हावी नाही."

मुलीने बोटे तोंडात घातली. शीळ अशी निघाली की समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली. शिडीने धड हाताने मांडीवर थाप मारली.

वडिलांनी फडके झटकले. "आता उजवी पुन्हा करावी लागणार," ते पुटपुटले, आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, "फेस कर."