दुसरी वेणी

वॉर्डात पेशंटला टोचलेली सुई नर्सच्या बोटात घुसली, तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या सुरू होत्या. रक्ततपासणी अजून बाकी होती. आज लेकीच्या वेण्या घालताना तिने हातमोजे चढवले.

"आई गं! केस ओढतायत. मी काय तुझी पेशंट आहे?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "हात लावल्यानं होत नाही, असं साऱ्या वॉर्डाला सांगतेस. मग आमच्या पोरीनंच काय घोडं मारलंय?"

पहिली वेणी वेडीवाकडी झाली होती. तिने मोजे काढले. उघड्या बोटांना केसांची वाट सापडली आणि दुसरी वेणी घट्ट, सरळ उतरली.

"आता पहिली सोड," लेक म्हणाली, "आणि पुन्हा घाल."