आजींचा पहिला शब्द

आया पुरवणाऱ्या ब्युरोवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाव विचारलं तर 'ताई म्हणा' म्हणायचं. आणि डोक्यावरची ओढणी काढून जा. घर चांगलं आहे, उगाच हात दाखवून अवलक्षण नको." मी ओढणी पिशवीत घातली. घरी नवरा पाठीने अधू, चूल माझ्या पगारावर पेटते. तिथे डोकं झाकायचे लाड कोण पुरवणार? पण त्या घरात कुणी नाव विचारलंच नाही. आयाबाईला नाव नसलं तरी लोकांचं काही अडत नाही.

आजींना झटका येऊन उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, ती त्यांनी डाव्या हाताने उपसून काढली. मग तो हात पलंगाच्या दांडीला बांधला. घरी आल्या तेव्हाही मनगटावर वळ होते. तोंडाने पोटभर गेलं नाही तर पुन्हा नळी, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. तो शब्द कुणी काढला की आजी डावा हात पांघरुणात लपवायच्या.

गिळणं विसरलेल्या माणसाला भरवणं सोपं नसतं. घास गालातच राहायचा, ठसका लागला की त्या निळ्या पडायच्या आणि माझी पाचावर धारण बसायची. त्या भीतीपोटी दर चमच्याला माझ्या तोंडून हळूच "बिस्मिल्ला" निघायचं. मला पत्ताही नसायचा. लहानपणापासून त्याशिवाय घास उचललेला नाही. ओढणी पिशवीत ठेवता येते, जीभ कुठे ठेवणार? आजी ते ऐकून तोंड उघडायच्या, हनुवटी खाली घ्यायच्या आणि गिळायच्या. मला वाटायचं, माझा हात बसला. हळूहळू मऊ भाताची वाटी संपायला लागली. वहिनी, म्हणजे आजींची सून, इतक्या खूश की स्वतःच्या हाताने मला चहा करून द्यायच्या. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते, भले दातओठ खाऊन म्हणेन.

एका रविवारी लेकी-जावई आजींना बघायला जमले. आजींच्या मुलाला, दादांना, हुरूप आला.

"ताई, आज मी भरवतो. आई, आ कर."

आजी तोंड उघडेनात. त्या मुलाच्या तोंडाकडे बघत कसली तरी वाट बघत होत्या. मग त्यांचे ओठ हलले आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच त्या घराने त्यांचा आवाज ऐकला.

"बिस... मिल्ला."

"आई बोलली!" दादा ओरडलेच. डोळे भरून आले त्यांचे. "ऐकलंत का, आई बोलली!"

दुसरं कुणी हसेना. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही कोण?"

"आजींची आया."

"ते नाही विचारलं. एवढे दिवस फसवलंत आम्हाला? आमच्या आईंच्या तोंडात तुम्ही..." पुढचा शब्द त्यांना सापडेना.

"घास घातला, वहिनी," मी म्हटलं.

संध्याकाळी ब्युरोवाल्याचा फोन आला. "जीभ आवरता येत नव्हती?"

"अहो, गिळायला शिकवलं मी त्यांना."

"मग आता हेही गिळ," म्हणाला आणि फोन ठेवला मेल्याने.

काही दिवसांनी दादांचा फोन. "नव्या बाईकडून आई काही घेत नाही हो. डॉक्टर नळी घालायची म्हणतात. एकदा येऊन बघा." नवरा म्हणाला, कशाला विस्तवात हात घालतेस? मी गेले. ओढणी घेऊन गेले. आता लपवायचं कुणापासून?

वहिनींनी दारातच सांगितलं, "भरवा, पण ते म्हणायचं नाही. सासूला बाटवलं म्हणून सगळ्या नात्यात झालंय. तोंड मला द्यावं लागतं."

आजी निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने माझी ओढणी घट्ट धरली. मी चमचा पुढे केला. "घ्या, आजी." ओठ बंद.

"आमच्या देवाचं नाव घेऊन बघा," वहिनी म्हणाल्या. मी तेही घेतलं. घेताना जीभ काही झडली नाही माझी. आजी नुसत्या बघत राहिल्या. मला रडू आवरेना, आणि मग मी नेहमीसारखंच, हळू, बिस्मिल्ला म्हटलं.

आजींनी आ केला. घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला वहिनींनी माझ्या हातातून वाटी ओढून घेतली.

"अगं, जेवतेय ती!" दादा म्हणाले.

"आणि उद्या गेल्या म्हणजे? हाच शब्द तोंडात घेऊन जाऊ देत? चालेल तुम्हाला?" वहिनीही रडत होत्या.

दादांनी आईकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. शेवटी खिशातून फोन काढला आणि नळीसाठी नर्सला बोलावून घेतलं.

आजींना यातलं काही कळलं नव्हतं. माझी ओढणी धरून, तोंड उघडं ठेवून, त्या पुढच्या घासाची वाट बघत होत्या. माझ्या हातात नुसता चमचा होता.