मागचं चाक

पती आणि पत्नी ही संसाररथाची दोन चाकं आहेत, असं लग्नात भाषण करणारा प्रत्येक माणूस सांगतो. त्या दोन चाकांपैकी साखळी फक्त मागच्याला असते आणि पुढचं नुसतं दिशा दाखवत फिरतं, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण तो मोटारीने आलेला असतो.

माझे काका सायकलने येतात. म्हणजे यायचे, तिचा सांगाडा मोडेपर्यंत. वेल्डरने ती आजवर पुष्कळदा जोडून दिली होती. या खेपेला त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "आता जोडायला सायकल उरलेली नाही, काका. नुसते जोड उरलेत."

या सायकलचं साखळीवरचं पत्र्याचं झाकण तारेने बांधलेलं होतं. काका गल्लीच्या तोंडाशी वळले, की ते खडखडायला लागायचं. खिडकीशी काकूचं शिलाईचं मशीन आहे. खडखड आली की ती मशीन थांबवून चहाचं आधण ठेवायची आणि काका दारात पोचले की चहा कपात असायचा. हा आपल्या वक्तशीरपणाचा परिणाम आहे, असं काका मानत. सायकलला आवाज नाही, याबद्दल त्यांची खात्री होती. काकांना कमी ऐकू येतं ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, काका सोडून. त्यांना ती सांगितली तेव्हा ती त्यांना ऐकू आली नाही.

गेल्या हिवाळ्यात काकांना बेकरीसमोर चक्कर आली आणि ते सायकलसकट फुटपाथवर बसले. डॉक्टरांनी तपासलं आणि सायकल चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. काकूनेही हरकत घेतली नाही. फक्त तेव्हापासून काकांची यायची वेळ झाली, की तिचं मशीन आपोआप थांबायला लागलं. "रीळ संपलं," असं ती म्हणायची. खडखड ऐकू आली, की संपलेलं रीळ पुन्हा चालू व्हायचं.

तेव्हा काकांना हवी होती नवी सायकल आणि काकूला हवा होता तिचा आवाज.

"घंटी वाजवत जा की, काका," मी एकदा सुचवून पाहिलं.

"स्वतःच्या दारात घंटी वाजवायला मी काय पोस्टमन आहे?"

मोबाइलचा प्रश्नच नव्हता. तो हरवू नये म्हणून काका कपाटात ठेवून जातात.

माझ्या एका मित्राने सायकलींच्या मोठ्या प्रदर्शनाचे पास दिले, म्हणून आम्ही तिघं तिथे गेलो. ते प्रदर्शन व्यापाऱ्यांसाठी होतं, हे दारात गेल्यावर कळलं. तिथल्या मुलीने काकांना व्यवसाय विचारला. काकांना तो प्रश्न दुसऱ्या खेपेला ऐकू आला आणि त्यांनी जन्मभर जिथे नोकरी केली त्या पाणी खात्यातला आपला विभाग सांगितला, "वितरण." मुलीने लगबगीने 'वितरक' असं छापलेलं कार्ड त्यांच्या गळ्यात घातलं. काकूच्या कार्डावर नुसतं 'सोबत' असं होतं.

"बरोबर लिहिलंय," काकू म्हणाली.

आत विमान उतरवता येईल एवढा सपाट गुळगुळीत हॉल होता आणि त्यात सायकली भिंतींना, छताला, काचेच्या पेट्यांत, म्हणजे रस्ता सोडून सगळीकडे होत्या. पहिल्याच स्टॉलवरच्या तरुणाने काकांचं कार्ड वाचलं आणि एक काळी सायकल करंगळीने उचलून दाखवली.

"सर, हिला वजनच नाही!"

"वजन नाही तर हिला विचारणार कोण?" काका म्हणाले. "स्टँड कुठाय?"

"स्टँड नसतो सर, यात."

"मग मुक्कामाला पोचल्यावर करायचं काय?"

"भिंतीला टेकवायची."

"आणि भिंत नसली तर?"

तरुणाने कंपनीच्या माहितीपत्रकात पाहिलं. कंपनीने भिंत गृहीत धरलेली होती. सायकलला कॅरियर नव्हतं, चिखल उडू नये म्हणून मडगार्ड नव्हतं, साखळीवर झाकण नव्हतं. काकांनी निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्यांचे नळ दुरुस्त करायचं व्रत घेतलंय. त्या कामाचे पाने-पक्कड ठेवणार कुठे?

एवढ्यात काकू पुढे झाली. "हिचा आवाज किती?"

"काहीच नाही, काकू! शेजारून गेली तरी कळणार नाही."

"मग काय उपयोग?" म्हणून ती पुढच्या स्टॉलवर गेली.

तिथल्या सायकलला साखळीऐवजी पट्टा होता. तो आणखीनच मुका. त्याच्या पलीकडची बॅटरीवरची होती आणि तिच्या शांततेला बक्षीस मिळालेलं होतं. काकू प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारी आणि प्रत्येक विक्रेता छाती फुगवून तेच उत्तर देई.

"अगं, माझीसुद्धा अशीच होती," काका म्हणाले. "बिनआवाजाची."

काकू हॉलच्या कडेच्या एका खुर्चीवर जाऊन बसली आणि पदराने कपाळ पुसत म्हणाली, "चला घरी. इथे सगळ्या चोरांच्या सायकली आहेत."

तेवढ्यात मागे कुठेतरी टिर्रर्र असं वाजलं. रातकिड्यांचं मंडळ सभेला बसावं तसं. काकू ताडकन उठली.

आवाज नुसत्या चाकांच्या स्टॉलवरून आला होता. एक दाढीवाला एक चाक हातात धरून फिरवत होता.

"शर्यतवाले खास आवाजासाठी घेतात हे," तो म्हणाला. "आत खटके आहेत. पायडल मारत असता तोवर गप्प. पाय थांबले, सायकल नुसती घरंगळायला लागली, की वाजतं."

"पाय थांबले की?" काकूने विचारलं.

"पाय थांबले की."

"म्हणजे घर आलं, की पाय थांबणार आणि पाय थांबले, की हे वाजणार." काकूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते चाक मीच शोधून काढलं होतं. "अहो, हे घ्या."

दाढीवाल्याने काकांच्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि खुर्ची पुढे केली. "सर, साधारण किती चाकं लागतील?"

"एक."

"एक हजार?"

"एक. मागचं."

"...नमुना म्हणून?"

"सायकल म्हणून," काका म्हणाले.

दाढीवाल्याने पडलेल्या चेहऱ्याने किंमत सांगितली. ती त्याने पुटपुटत सांगितली, तरी काकांना पहिल्याच खेपेला स्पष्ट ऐकू आली. पण काकूचा हात चाकावर होता आणि तो ती काढत नव्हती. काकांनी तो हात पाहिला, खिशात हात घातला आणि चाक घेतलं.

स्टँड, कॅरियर आणि झाकण असलेली साधी सायकल आमच्या नेहमीच्या दुकानातून घेतली. दुकानदाराने तिला ते मागचं चाक बसवलं आणि म्हणाला, "बसवलंय. कसं ते विचारू नका."

दुसऱ्या दिवशी काका नळ दुरुस्त करून आले. मी तिथेच होतो. काकू रीळ बदलत बसली होती आणि काका कधी येऊन दारात उभे राहिले, ते तिला कळलंसुद्धा नाही.

"अगं बाई! वाजलं नाही?"

"काय?"

"चाक! पाय थांबवले नाहीत?"

"पाय थांबवले तर सायकल मागे जाईल," काका म्हणाले. "चढ आहे ना."

आमची गल्ली चढाची आहे. आम्ही तिघंही तिथे वर्षानुवर्षं धापा टाकत आलोय. पण हॉल सपाट होता.

"राहू दे," काकू म्हणाली आणि मशीनवर मान घातली. रीळ अजून संपलेलंच होतं.

त्यानंतर आठवडाभराने मी संध्याकाळी तिकडे निघालो होतो, तर काका सायकलवरून मला ओलांडून गेले, स्वतःच्या दारावरूनही गेले आणि पार गल्लीच्या टोकाला पोचले. तिथे वळले, पाय थांबवले आणि टिर्रर्र करत ऐटीत खाली येऊन दारात उतरले.

"काका, वर कशाला गेला होतात?"

"उतरायला."

"पण आवाज तुम्हाला तर..."

"मला कशाला ऐकू यायला हवा?" काका स्टँड लावत म्हणाले. "पूर्वी तिला रीळ पुरायचं. त्या बेकरीच्या दिवसापासून रोज संपतं. ऐकू कमी येत असेल मला, दिसतं ठणठणीत."

आतून मशीनचा आवाज येत होता. आम्ही आत गेलो तर चहा कपात ओतलेला होता.

"ऐकू आलं हो चाक," काकू म्हणाली. "छान वाजतं."

चहा ती त्याआधीच ठेवते. वर जाताना काका खिडकीतून दिसतात.