डब्यापर्यंतचा बोगदा

टीव्हीखालच्या काळ्या डब्यावर राईएवढा हिरवा दिवा होता. चित्रपट सुरळीत चालू असला की तो स्थिर असायचा. डबा काही शोधत असला की किंचित थरथरायचा. बाबांना हा फरक कधी दिसला नव्हता. त्यांच्या लेखी डब्याच्या अवस्था दोनच: चालतोय, आणि "अगं, अडकला बघ!"

त्यांची लेक प्रयोगशाळेत स्फटिकांवर काम करायची. डबा म्हणजे एक छोटा संगणकच; त्यावर लिनक्स चढवलं तेही तिनेच. आता परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती, होकार कळवायची मुदत संपत आली होती, आणि घरात माणसं दोनच. बाबांना सांगायचं होतं. पण आधी डब्यावर व्हीपीएन बसवू, म्हणजे कुठूनही एका खासगी बोगद्यातून आत शिरून अडकलेलं सोडवता येईल, मग सांगू. या 'मग'च्या आधी तिने केबल बदलली होती आणि केबलच्या आधी सगळे चित्रपट वर्णानुक्रमे लावले होते. टाळाटाळ इतकी पद्धतशीर, की तिच्यावर शोधनिबंध झाला असता.

रविवारी दुपारी ती खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसली. बाबा हॉलमध्ये चित्रपट बघत होते. आपण परदेशात आहोत असं धरून चालायचं, डब्याला हात लावायचा नाही, असा नियम तिने स्वतःला घातला आणि त्याबद्दल स्वतःचं थोडं कौतुकही केलं. खबरदारी म्हणून डब्यालाही नियम घातला: बोगद्याबाहेर कुणाशी बोलायचं नाही. मग शेवटची कमांड दिली.

डबा आज्ञाधारक निघाला. बोगद्याबाहेरच्यांत तिचा लॅपटॉपही होता आणि चित्रपटांची डिस्क जोडलेला राउटरही. कर्सर जागीच थिजला.

"अगं, अडकला बघ!"

"प्लग काढून परत लावा, बाबा!" ती खोलीतूनच ओरडली.

"लावला. ढिम्म आहे!"

असणारच. डबा सुरू होताच बोगदा आणि त्याचा नियम दोन्ही लागू व्हावेत, ही सोय तिने मोठ्या दूरदृष्टीने आधीच करून ठेवली होती. आपल्याच घरातल्या डब्याचं दार तिने स्वतःवरच बंद करून घेतलं होतं. मुकाट्याने कीबोर्ड काखोटीला मारून ती हॉलमध्ये आली, तो डब्याला जोडला आणि टीव्हीसमोर फतकल मारून बसली.

"खोलीतून कसली ओरडतेस? शास्त्रज्ञबाईंना चार पावलं चालवत नाहीत का?"

"लांबून दुरुस्त करता येतं का, बघत होते."

"मग, येतं?"

"लांबून बिघडवता येतं, एवढं सिद्ध झालंय."

बाबा खो खो हसले. ती नियम पुसायची ओळ टाइप करू लागली. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "लांबून म्हणजे गं किती लांबून?"

ओळ चुकली. तिने ती खोडून पुन्हा लिहिली, पुन्हा चुकली. कीबोर्डची बॅटरी उतरली असेल, असं म्हणायला तिने तोंडही उघडलं. पण कीबोर्ड वायरचा होता आणि वायर बाबांच्या पायावरूनच गेली होती.

तिने कीबोर्ड बाजूला ठेवला.

"परदेशातून, बाबा. तिथे नोकरी मिळतेय. मी जाणार आहे."