राखणीचा कोंबडा

वाडीतल्या लवूने अंगणातली तीन पिसं उचलली, उन्हासमोर धरली आणि डॉक्टर एक्स-रे बघतो तशी बराच वेळ बघितली. शेजारी बाबली हात मागे बांधून उभा होता. त्याच्या मागे त्याची बायको राधाबाई, आणि राधाबाईच्या मागे उरलेल्या कोंबड्या.

"मुंगूस," लवू म्हणाला.

गेल्या खेपेला त्याने उदमांजर सांगितलं होतं. त्याआधी अजगर. लवूचं शास्त्र पक्कं होतं. मान फोडून धड तिथेच टाकलं तर मुंगूस, पोट खाऊन बाकीचं ठेवलं तर उदमांजर, काहीच मागे उरलं नाही तर अजगर, आणि वरून उचललं तर घार. अडचण एवढीच होती की हा चोर हे शास्त्र शिकलेला नव्हता. तो कधी पिसं ठेवी, कधी एक पाय. एकदा कोंबडी गेली आणि तिने नुकतंच घातलेलं अंडं तेवढं जागेवर गरम होतं.

"येक कायतरी ठरव रे लवू," राधाबाई म्हणाली. "गाळी कोणाक घालू तां तरी माका कळांदे."

लवूने पिसं खिशात घातली आणि अजून अभ्यास करावा लागेल असं सांगून तो चहाला बसला.

ह्या प्रकरणाचा बाबलीला जरा जास्तच त्रास होत होता, कारण राखण हाच त्याचा धंदा होता. कुडाळला एका बँकेच्या एटीएमसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याने उमेदीची वर्षं काढली. त्याच्या काळात त्या मशीनमधून एक नोट चोरीला गेली नाही. बरेचदा मशीनमध्ये नोटाच नसत हे खरं, पण ते वॉचमनच्या कामात येत नाही. मग एका सकाळी लक्षात आलं की इमारतीच्या मागच्या भिंतीवरचं एसीचं यंत्र कोणीतरी पाना लावून, घाई न करता, सोडवून नेलं आहे. साहेबांनी विचारलं, तुम्ही कुठे होता? बाबली म्हणाला, पुढे. मग मागे का नव्हता? ह्या प्रश्नाला त्याच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि विचार करून करूनही आजतागायत सापडलेलं नाही. त्याची काठी आणि शिटी जमा करून घेतली. गणवेश मात्र कोणाला नको होता, म्हणून तो अंगावरच घेऊन बाबली मसुऱ्याला परत आला.

राधाबाईने त्याला काही विचारलं नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला, घरात दोघंच. तिने आपल्या कोंबड्या त्याच्याकडे सोपवल्या. पूर्ण घराभोवती बघायचं, पुढे आणि मागे, एवढंच सांगितलं.

बाबलीने सगळं केलं. आंब्याच्या फांदीला गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगल्या, त्या घारीला दिपवतात म्हणून. त्याने घार गेली की नाही कळलं नाही. राधाबाईला मात्र तांदूळ निवडताना डोळ्यांवर तिरीप येऊ लागली. माणसाच्या आवाजाला जनावर भितं म्हणून खुराड्याजवळ रेडिओ लावला. रेडिओवर कोणी तज्ज्ञ घरगुती कुक्कुटपालनाचे फायदे समजावून सांगत होते, तेव्हा तांबडी गेली. मग त्याने आपला गणवेश काढला, बांबूवर चढवला, आत गवत भरलं, डोक्याच्या जागी मडकं आणि त्यावर टोपी. त्या संध्याकाळी खुराड्याकडे चोर फिरकला नाही. कोंबड्याही फिरकल्या नाहीत. वॉचमनला बघून त्यांनी आत शिरायचंच नाकारलं आणि सगळ्या फणसावर जाऊन बसल्या. सकाळी फणसावर दोन कमी होत्या.

शेवटी तो वनखात्याच्या ऑफिसात गेला. तिथल्या सुशांत नावाच्या तरुण मुलाने खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबलीने एकेक संशयिताचं नाव घेतलं आणि सुशांतने एकेकाला हात लावायला कायद्याने मनाई असल्याचं सांगितलं. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, अजगर, घार, घोरपड. फासकी लावायची नाही, विष घालायचं नाही, दगडसुद्धा जपून.

"मग कोंबडी खंयच्या यादीत येता?" बाबलीने विचारलं.

सुशांतने थोडा विचार केला. "कोंबडी कुठल्याच यादीत नाही, काका. कोंबडी तुमची आहे."

मुलगा वाईट नव्हता. त्याने कागदावर खुराडं काढून दाखवलं. बारीक जाळी, ती हातभर जमिनीत पुरलेली, दाराला कडी, सूर्य बुडायच्या आत सगळ्या आत. बाबलीने येताना जाळी आणली आणि कागदावर होतं तसंच खुराडं केलं. ते इतकं भक्कम झालं की लवू बघायला माणसं घेऊन आला. तेव्हापासून चोर दुपारी येऊ लागला. कोंबड्या चरायला बाहेर असत.

असं होत होत कोंबडा तेवढा उरला.

आणि तो राखणीचा होता. वर्षातून एकदा गावाच्या हद्दीवर, ऐनाच्या झाडाखालच्या दगडापाशी, राखणदाराला कोंबडा आणि नारळ द्यायचा, ती राखण. राखणदार दिसत नाही, पण हातात काठी घेऊन हद्दीवर फिरत असतो आणि घरदार, गुरं, कोंबड्या सांभाळतो. बाबलीच्या घरची राखण ह्या वर्षी त्या कोंबड्याची ठरलेली होती, तो पिल्लू असल्यापासून. आता तो गेला की अंगणात आवाज करणारं कोणी उरणार नव्हतं.

"हो कोंबो मी देवचंय नाय," राधाबाई म्हणाली. कोंबडा तिच्या पायाशी तांदळाच्या कण्या टिपत होता. "राखणदारान काय राखल्यान? तुमी येक राखणदार आणि तो येक राखणदार. दोगांचो धंदो एकच, बसान खावचो."

बाबली म्हणाला, "चोरी झाली म्हणान राखणदाराक काढूचो?"

तिने आणखी चार कण्या टाकल्या.

"माका काढल्यानी. बरां वाटला तुका?"

राधाबाईने हातातल्या उरलेल्या कण्या कोंबड्यापुढे ओतल्या आणि ती आत गेली. थोड्या वेळाने आतून खोबरं किसल्याचा आवाज येऊ लागला. राखणीचा कोंबडा कापून घरी आला की त्याच्या रश्श्याला वाटलेल्या खोबऱ्याचं वाटप लागतं.

सकाळी ऐनाखाली दहाबारा माणसं जमली. मानकरी धोंडू गावकराने दगडावर पाणी घातलं, नारळ ठेवला, घसा खाकरला आणि देवाला सगळ्यांच्या वतीने घालायचं गाऱ्हाणं सुरू केलं. कोंबडा त्याच क्षणी आरवला. धोंडूने पुन्हा सुरू केलं. कोंबडा पुन्हा आरवला.

"बाबल्या, तुझो कोंबो माझ्यापेक्षा मोठ्यान गाऱ्हाणां घालता. तेका मागे ने."

बाबलीने कोंबड्याच्या पायाला लांब दोरी बांधली, त्याला सगळ्यांच्या मागे करवंदीच्या जाळीजवळ सोडलं आणि दोरीचं टोक पायाखाली दाबून उभा राहिला. हात जोडायला मोकळे हवे होते. बाकीच्यांची तोंडं दगडाकडे, माना खाली. बाबली अर्धा मागे वळून उभा होता.

"बा देवा राखणदारा, ह्या लेकरान वर्साची राखण तुझ्या पायाशी हाडल्यान हा, ती मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

जाळीतून रानमांजर बाहेर आलं. मांजरी होती. बरगड्या मोजता येतील अशी वाळलेली, आणि पोटाखाली आचळं लोंबत होती. तिने माणसांच्या पाठींकडे बघितलं, बाबलीकडे बघितलं आणि कोंबड्याची मान धरली. कोंबडा ओरडला नाही. पंख दोनदा उघडले, मिटले, एवढंच.

इतके महिने ज्याला शोधलं ते समोर होतं. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे गावात पोरांनाही शिकवावं लागत नाही.

"ह्येच्या वाटेत आडवा-तिडवा काय आसात, तां भायर घाल."

"व्हय म्हाराजा."

मांजरीने कोंबडा ओढला. दोरी ताणली आणि बाबलीच्या पायाखाली घट्ट झाली. तिने पुन्हा ओढलं, पुढचे पाय मातीत रोवून. मग मान धरून ठेवलीच आणि ती थांबली, बाबलीकडे बघत. जाळीच्या आत काहीतरी बारीक आवाजात ओरडलं. एकापेक्षा जास्त असावीत.

बाबलीने पाय उचलला.

दोरी गवतातून सरसरत गेली. तिचं टोक जाळीत शिरेपर्यंत तो बघत राहिला.

"ह्येच्या घरात, गोठ्यात, खुराड्यात जां काय आसा," धोंडू गावकर हात उंचावून म्हणाला, "तां सांभाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात बाबलीचा आवाज होता, इतरांहून जरा मोठा.