आरशातली जपानी बाई

आरसा काळ्या काठाचा, वाटोळा, आणि त्यात तोंड — लिंबाएवढं. बारीक डोळे, इवलेसे ओठ... जवेरियानं फडकं काचेवर तसंच धरून ठेवलं. इतके दिवस ती ही तसबीर पुसत होती आणि हे आज दिसलं. एरवी बाई पाठमोरी. लाकडी ठशांनी छापलेल्या कुठल्याशा जुन्या जपानी चित्राची नक्कल. किमोनो खांद्यावरून ओघळलेला, अंबाडा वर चढवलेला, मान ही अशी उघडी, आणि हातात आरसा. म्हणजे चेहरा होता! अन् इम्तियाज म्हणाला होता, पाठमोरी आहे, चेहरा नाही, घरात चालेल.

चालेल म्हणे. आखातात, सालमियाच्या या फ्लॅटमध्ये आल्यावर तिनं हौसेनं टांगलेला दोघांचा निकाहचा फोटो त्यानंच उतरवला होता — नमाज पढतो त्या खोलीत चेहरे नकोत — आणि तिनंही निमूटपणे तो ओढणीत गुंडाळून कपाटावर टाकला होता. दाभोळच्या फोटोवाल्यानं पुन्हा पुन्हा सांगून तिला मान वर करायला लावली होती, तो फोटो... त्यातली ती उतरली आणि ही पाठमोरी भिंतीवर चढली.

कुठून आणली विचारलं तर म्हणाला, मिरकाबच्या ऑफिसात कुणीतरी सोडून गेलं. कुणीतरी! पडद्याचा रंग विचारला तर 'कुठलाही' म्हणणाऱ्या माणसानं नेमकी बाईची मान निवडून आणावी? कुठंतरी पाणी मुरत होतं. जिनं दिली तीही केस असेच वर बांधत असेल, देताना हसली असेल... त्या न पाहिलेल्या बाईचा तिला राग राग आला, आणि चित्रातलीचा त्याहून जास्त. दिवसभर ती हातातलं काम टाकून येऊन बघून जात होती. मेली आरशात स्वतःला बघतेय, की मागे कोण उभं आहे ते?

संध्याकाळी इम्तियाज आला आणि चहा घेऊन तसबिरीखालीच बसला. हॉलला लागूनच ओटा. ती तिकडे तोंड करून मासे साफ करत होती. न वळताच तिनं सांगितलं, त्या आरशात चेहरा आहे.

"चेहरा? कुठं?" तो उठला असावा. "अरे, हो की. मी पाहिलाच नव्हता."

तिला खरं वाटलं. आवाजात लबाडी नव्हती. रोज डोळ्यांसमोर असून ज्याला चेहरा दिसत नाही, तो कसली भानगड करणार... ती हसणारच होती. तेवढ्यात मनात आलं — आणि माझा? माझा तरी पाहिलाय?

"न बघता सांगा," ती म्हणाली, "माझ्या कुठल्या गालावर तीळ आहे?"

"उजव्या." लगेच. विचारसुद्धा न करता.

तिच्या कुठल्याच गालावर तीळ नव्हता.

सुरी माशाच्या पोटात तशीच राहिली. ठोकून दिलं असेल... ठोकूनच दिलं असेल, पुरुष देतात. पण एवढ्या चटकन? आणि उजव्याच? आत्ता वळून त्याच्याकडे बघितलं तर कळेल, असं तिला वाटलं. आणि मग तोही तिच्या गालाकडे बघेल, हेही. दोन्हीची सारखीच भीती वाटली. मागे कपबशी वाजली, तो काहीतरी विचारत होता, बहुधा कालवणाचं. तिनं ऐकलंच नाही. उजव्या गालावर एक तीळ असता तर किती बरं झालं असतं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.